न कुजणारं खत

सुरतजवळच्या कोसाडच्या आमच्या वसाहतीतलं बाग मंडळ आज अंगणवाडीच्या खिचडीला भाजी देतं, शाळेच्या कुंपणाला शेवगे लावतं. नव्या बायका कौतुकाने विचारतात, "मावशी, सुरुवात कशी झाली हो?" माझ्या मूर्खपणाने झाली. दुसरं कुणी मीठमसाला लावून सांगण्याआधी मीच सांगते.

दोन इमारतींमधली उकिरड्याची जागा आम्ही सात जणींनी साफ केली. सगळ्या खान्देशातल्या, घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापणाऱ्या. तिथे भाजी लावायची होती. पण वसाहतीच्या प्रमुखांना, एका गुजराती काकांना, तिथे गाड्या लावायला फरशी हवी होती. म्हणाले, "बेन, नवरात्री सुधी टाइम. लीलुं देखाय तो तमारुं, नहीं तो पेव्हर." म्हणजे नवरात्रीपर्यंत हिरवं दिसलं तर जागा आमची, नाहीतर फरशी.

मी तेव्हा पंचेचाळिशीची, म्हणजे ऐन तोऱ्यात. शेतकऱ्याची लेक म्हणून मिरवायचे. बापाच्या शेतात मी फक्त शेंगा खाल्ल्या होत्या, हे मात्र पदराखाली झाकलेलं.

"खत कुठून आणायचं?" शेजारणीने विचारलं.

"घरोघरी गोण्या भरून पडलंय की! कापसाची पऱ्हाटी कुजते, मग धागा कुजणार नाही?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खड्डे खणले, धाग्यांच्या अकरा गोण्या पुरल्या, वर बोटभर माती टाकून गिलक्याचं, म्हणजे घोसाळ्याचं, बी लावलं. साड्या पॉलिस्टरच्या, रोज माझ्याच हाताखालून जायच्या. पण तोरा चढला की डोळे काय कामाचे!

रोपं वर आली, पिवळी पडली आणि माना टाकून मोकळी झाली. श्रावण लागला तेव्हा कुदळ घातली. आतून गुलाबी, पोपटी, मोरपंखी धागे निघाले. जसे पुरले तसे, उलट धुतल्यासारखे चकचकीत!

काठावर बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "काय वं, तुना माहेरनं खत शे का हाई?"

सहाही जणी चिखलात बसून हसल्या. मला रडू येत होतं. नवरात्रीला दोनच महिने राहिले होते.

सासूबाईंनी मात्र धाग्यांचा गुंता मांडीवर ओढला आणि दोरी वळायला घेतली. "कुजत नई ना? मंग मांडवले बांधा."

आम्ही धागे उपसले, खड्ड्यांत शेणखत-माती भरली, पुन्हा बी लावलं. बांबू रोवून रंगीबेरंगी दोऱ्यांचा मांडव केला. गिलक्याचा वेल असा सुटला की दोऱ्या दिसेनात.

घटस्थापनेला प्रमुखकाका आले. त्यांनी एक दोरी ओढून पाहिली, वर पिवळी फुलं पाहिली, मग हळूच एक गिलकं तोडलं.

"पेव्हर रहेवा दो," ते म्हणाले. "बीजुं एक लई लउं?"

"दोन घ्या," मी म्हटलं, "आमचं खास खत आहे!"

मागून सासूबाई इतक्या जोरात हसल्या की काकांनी घाबरून गिलकं परत द्यायला हात पुढे केला.