मामाचा पालथा हात

आमच्या कळंबच्या मामाइतका गारव्याचा भक्त सबंध इंदापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. दिसेल त्या वस्तूला पालथा हात लावून ताप बघायची त्याला खोडच! विहिरीवरची मोटर, ट्रॅक्टरचं बोनेट, फोनचा चार्जर, कशालाही. माझ्या लग्नात तर भर मांडवात त्यानं माझ्याच कपाळाला हात लावला आणि भटजींना म्हणाला, "जरा दमानं घ्या, नवरदेव तापलाय."

अशा माणसाच्या घरी नवा लॅपटॉप आला आणि तो निघाला महातापट! मामाची लेक नोकरीला परदेशी गेलेली. दर रविवारी ती पडद्यावर आली रे आली, की आतला पंखा असा घोंघावायचा की तिचं बोलणंच मामाला ऐकू यायचं नाही. "मळणीयंत्रात बसून बोलतीस व्हय गं?" तो ओरडायचा. ती हसायची, तेही ऐकू यायचं नाही. मग मामा दिवसभर जेवणावर राग काढायचा.

मी बारामतीहून फोनवर शहाणपणा शिकवला, "मामा, व्होल्टेज थोडं कमी करावं लागेल." झालं! मी म्हणत होतो लॅपटॉपच्या आतलं, मामानं गाठला वायरमन. ज्याच्याशी व्होल्टेज वाढव म्हणून उभा जन्म भांडला, त्यालाच म्हणाला, "आमच्या घरचं जरा कमी कर." वायरमन खांबावरून पडायचाच बाकी! "आबा, तुमाला बरं हाय न्हवं?" म्हणत त्यानंच पालथा हात मामाच्या कपाळाला लावला.

शेवटी मीच कळंबला गेलो. माझ्या जुन्या लॅपटॉपला गार ठेवणारं सॉफ्टवेअर मामाच्या लॅपटॉपवर टाकलं, तर ते म्हणे हा प्रोसेसर आम्हाला चालत नाही. दुसरं टाकलं, ते उघडलं. पण व्होल्टेजची पट्टी हलेचना, नव्या प्रोसेसरात ती कुलूपबंद! "नव्या सुनंला जुन्या बांगड्या चढंनात व्हय?" मामी म्हणाली. मग लॅपटॉपच्याच सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभरावरून नव्व्याण्णव टक्के केली. "एका टक्क्यानं काय हुतंय?" मामा कुरकुरला. पण जादा वेगानं धावून तापायचा लॅपटॉपचा सगळा माज त्या एका टक्क्यातच होता. पंखा गप्प झाला.

रविवारी लेक पडद्यावर आली. खोलीत एवढी शांतता, की मामा कुजबुजायलाच लागला.

"मी मजेत हाय, आबा."

मामाचा चेहरा उतरला. "आवाज बसलाय तुझा. कवापास्नं?"

"लई दिवस झालं. थंडी फार हाय हितं."

इतके रविवार पोरगी घोगऱ्या आवाजात हसत होती आणि आम्ही पंख्याला शिव्या घालत होतो! मामाचा पालथा हात आपोआप पुढं गेला आणि पडद्यावरच्या तिच्या कपाळावर टेकला. बराच वेळ तिथंच राहिला.

"गार हाय," तो मामीकडं बघून म्हणाला, "पण ह्यातनं कळत न्हाय गं."