आत्यांची लुगडी

नवऱ्याला नाही, माझ्या आईला नाही, देवापुढे बसूनसुद्धा कधी ओठांवर येऊ दिलं नाही — ते तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका. मला तरी कुठे ठाऊक आहे? तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढं पुरे. इथे कोरीटमध्ये एकीच्या कानात घातलं असतं तर दिवस मावळायच्या आत नंदुरबारच्या बाजारात पोचलं असतं.

गावात माझं नाव चांगलं आहे. वहिनी असावी तर अशी, म्हणतात. मी ऐकून घेते. नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही — पदर सावरते आणि चहा टाकायला आत जाते.

आमच्या घरात तेव्हा मी, माझा नवरा, सासू आणि नणंद. सासूला मी आत्या म्हणायचे. नणंद म्हणजे वैशाली, माझ्याहून लहान, तेव्हा कॉलेजात. मी नवापूरची. लग्नात माहेरहून शिलाई मशीन आणलेली, गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायचे. हात चांगला होता माझा. जिभेला धार होती, पण सासरी ती कुठे दाखवणार?

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी वेडी झाले होते. खरंच. सातव्या महिन्यातच टोपरी, लंगोट, झबली शिवून मोकळी झाले. उरलेल्या चिंध्यांतून एवढीशी उशीसुद्धा केली. मशीनवर बसलं की पोट चाकाला लागायचं. आणि आठव्यात — मुलगा होता. रडलाच नाही. दवाखान्यातून मी रिकामी आले.

भेटायला बायका आल्या. मी भिंतीला टेकून बसलेली. छाती दुधानं भरलेली, ठणकतेय, आणि दूध पिणारं कुणी नाही — हे ज्या बाईवर आलंय तिलाच कळेल. तेवढ्यात वैशाली चहाचा ट्रे घेऊन आली आणि सगळ्यांदेखत बोलून गेली, "इतली घाई कसाले व्हती वहिनीले? लेकरू येवाना आधीच शिवीसन ठेवं. मंग कसं जगी ते?"

म्हणजे मी मारला. मशीनवर बसून मीच मारला माझा मुलगा.

एक बाई बोलली नाही की असं बोलू नये. दोघीतिघींनी तर मान डोलावली. मी चहा प्यायले. कप विसळूनही ठेवला. त्या दिवसापासून मी तिच्याशी इतकी गोड वागले, इतकी गोड, की माझं मलाच नवल वाटायचं.

तुम्ही म्हणाल, पोर होती, बोलून गेली. असेल. मी पण कुणाची पोरच होते की.

आता आत्यांचं सांगते, कारण सगळं तिथंच अडतं. आत्या माझ्याशी वाईट असत्या तर हे सांगणं सोपं गेलं असतं. त्या वाईट नव्हत्या हो. माझ्या मुलाला नेताना त्यांनी नेसत्या लुगड्याचा पदर टरकन फाडला आणि त्यात गुंडाळला त्याला. म्हणाल्या, आजीचं कापड अंगावर असल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही. आमच्याकडे पद्धतच आहे — पहिलं लेकरू आईच्या माहेरी व्हायचं, आणि त्याच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते आजीच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं. पाचवी पुजेपर्यंत नवा धागा लावत नाहीत. माझ्या मुलाची आजी माझी आई, ती नवापूरला. ती वेळेत पोचली नाही, म्हणून आत्यांनी तिची जागा घेतली.

पुढे वैशालीचं लग्न झालं आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी आत्या आजारानं गेल्या. जायच्या थोडं आधी त्यांनी मला कोठीच्या खोलीतून एक गाठोडं आणायला सांगितलं. त्यांची नेसून नेसून विरलेली सुती लुगडी होती, स्वच्छ धुतलेली, मध्ये कडुलिंबाचा पाला घातलेला. "हाई वैशालीना लेकरूकरता शे. जपीसन ठेव," म्हणाल्या. मी जपून ठेवलंही. खोटं कशाला बोलू? पावसाळ्यानंतर उन्हात टाकायचे, पाला बदलायचे. तोवर माझ्या मनात काही नव्हतं. किंवा असेल, पण मला माहीत नव्हतं.

मग वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मिरचीचे दिवस होते. आमच्या अंगणात लाल मिरची पसरलेली, आणि ही पोट धरून शिंकायची आणि हसायची. मी तिचं काय नाही केलं? पाय सुजले तर मिठाच्या पाण्यात ठेवले. डिंक, खारीक, बाळंतशोप, ओवा — सगळं भरून ठेवलं. माझी कूस अजून रिकामीच होती तेव्हा. गावातल्या बायका बघून जायच्या आणि माझं नाव घ्यायच्या.

एका दुपारी ती माझ्या मशीनपाशी येऊन बसली. हातात कात्री. म्हणाली, वहिनी, आता दिवस भरत आले, टोपरी-लंगोट शिवून टाकू, गोधडी टाकू, ऐनवेळी कुठे धावायचं? आधीच तयारी असलेली बरी.

आधीच तयारी असलेली बरी.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आठवेल, म्हटलं. आता आठवेल, आता जीभ चावेल, आता मान खाली घालेल. तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी जो शब्द रोज अंथरुणात घेऊन झोपत होते, तो तिनं केव्हाच विसरून टाकला होता. आणि शेजारची बाई, तेव्हा मान डोलावणाऱ्यांतलीच एक, दारात उभी राहून म्हणत होती, हो बाई, शिवून ठेवा, बरं असतं.

मग वैशालीनं विचारलं, "वहिनी, मायनी काही ठेवेल शे का मन्हाकरता?"

चुकून तोंडातून निघालं असं मी म्हणणार नाही. दूध वर यायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ होता माझ्याकडे. मी विचार केला आणि मग बोलले. म्हटलं, नाही गं. आत्यांनी जायच्या आधी सगळी लुगडी वाटून टाकायला लावली.

तिची कात्री तशीच हातात. काहीच नाही? एखादं?

इथे थांबता आलं असतं. थांबले का? मी आणखी पुढे गेले. म्हटलं, मी विचारलं होतं त्यांना, वैशालीसाठी एक ठेवू का म्हणून. तर म्हणाल्या, पोरगी दिल्या घरी गेली, आता तिचं तिथले बघतील.

हे त्या मेलेल्या बाईच्या तोंडी मी घातलं. लुगडी नाकारणं एक वेळ चोरी म्हणा. हे काय म्हणायचं?

वैशाली रडली नाही. ती त्या मोठ्या पोटासकट अशी खाली खाली बसत गेली, माझ्यासारखीच भिंतीला टेकून. आणि मला — आता ऐका — मला इतकं गार वाटलं आतून. वर्षानुवर्षं जळत होतं त्यावर कुणी पाणी ओतल्यासारखं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, मी आहे ना.

दोन दिवसांनी गल्लीत भांडीवाली आली, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. वैशाली आत झोपली होती. मी कोठीतून गाठोडं काढलं. भांडीवालीनं लुगडी उलगडून उजेडात धरली, म्हणाली, विरलंय सगळं. मी घासाघीस केली. कापड किती मऊ आहे, हात लावून बघ, म्हटलं. नवऱ्याची एक पँट वर टाकली आणि स्टीलचं मोठं पातेलं घेतलं. वैशालीच्या डिंकाच्या लाडवांचं तूप मी त्याच पातेल्यात कढवलं. आवडीनं खाल्ले तिनं ते लाडू.

गोधडी मी शिवली. कशाची? नवापूरला निरोप धाडून माझ्या आईची जुनी पातळं मागवली. तिच्या बाळाला पहिलं कापड लागलं ते माझ्या आईचं. मुलगी झाली, ठणठणीत, रडून दवाखाना डोक्यावर घेतला. त्या पातळात गुंडाळलेली पोर मीच पहिल्यांदा हातात घेतली. पाचवीला सगळ्या बायकांसमोर वैशालीनं माझा हात धरला आणि म्हणाली, सख्ख्या आईनं केलं नाही ते वहिनीनं केलं. त्याच बायका, तीच भिंत. त्यांनी डोळे पुसले.

सूड पुरा झाला, असं म्हणावं तर तो अजून चालूच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, सासरी गेलेल्या लेकी त्यासाठी माहेरी येतात. वैशाली येते. पण आत्यांच्या घागरीला हात लावत नाही. माझ्या नवऱ्यानं एकदा रागावून विचारलं तर म्हणाली, "तिनी मन्हाकरता एक फडकं बी ठेवं नही." त्यालाही ते खरंच वाटतं. आपल्या आईबद्दल. घागर मी भरते.

माझ्या पदरात पुढे काही पडलं नाही. त्यामुळे असेल असं तुम्ही माझ्या बाजूनं म्हणाल, तर म्हणू नका. पडलं असतं तरी मी हेच केलं असतं.

यंदाच्या आखाजीची गोष्ट. वैशालीची मुलगी आता शाळेत जाते. आत्यांच्या फोटोसमोर उभी राहून हात जोडत होती, शाळेत शिकवतात तसे, डोळे मिटून. वैशालीनं तिचा दंड धरून तिला माझ्याकडे वळवलं. "तिले नको. मामीना पाय पड. तू व्हयनी तवय तुले मामीनीच पांघराले दिन्हं."

पोर वाकली. माझ्या पायांवर तिनं डोकं टेकवलं. वैशाली समोर होती, एक वाक्य बोलायचं होतं फक्त, जीभही उचलली होती मी. मोठी हो, म्हणाले. आणि बरं वाटलं मला.