सुकतीच्या वेळेची शाळा

हेमाबाई गेल्याची बातमी मला बोईसरच्या बाजारात कळली. हातात पालकाची जुडी होती, भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत चालली होती, आणि फोनवर घिवलीच्या जयवंतीचा आवाजी निरोप येऊन पडला. बाजाराच्या गलक्यात पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. पुन्हा लावला, फोन कानाला घट्ट दाबला. "मॅडम, बाई गेल्या. पहाटं झोपेतच. तुमी या." एवढंच. पुढे नुसता वारा... किनाऱ्यावर उभी राहून बोलली असावी. पालक तिथेच ठेवला आणि रिक्षात बसले. घिवली येईपर्यंत मला रडू आलं नाही, रागच येत राहिला. आदल्याच आठवड्यात त्यांनी मला दम भरला होता, की जयवंतीचा गणिताचा पेपर होईपर्यंत मी कुठे जात नाही, तेव्हा तुलाही सुट्टी नाही. आणि दिलेला शब्द मोडायची या बाईंना अजिबात सवय नव्हती.

माझी नि त्यांची ओळख झाली ती भांडणातून. मी कराडकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आले आणि इथलीच झाले. एका कारखान्याने आसपासच्या गावांतल्या अर्ध्यावर शाळा सुटलेल्या बायकांसाठी योजना काढली. गावाला टॅब द्यायचे, त्यावर दहावीचे धडे भरलेले, आणि बायकांनी बाहेरून परीक्षेला बसायचं. त्यांना शिकवायला, मशीन हाताळायला दाखवायला मला नेमलं. वेळ ठरलेली, रोज सकाळी दहा ते बारा. बेटेगावात पहिल्या दिवशी खोली भरून बायका आल्या, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात घिवलीला गेले. तिथे समाजमंदिराच्या खोलीत एकट्या हेमाबाई बसलेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, घरची चिकूची वाडी, अंगावर इस्त्रीची सुती साडी, आणि समोर रिकाम्या सतरंज्या. बायका कुठे आहेत, असं विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "आज चतुर्थी ना. अकरा वाजून जातील." मला वाटलं, संकष्टीचा उपास! मी म्हटलं, अहो, उपासाला अभ्यासाचं काय वावडं आहे? चंद्र उगवायला तर रात्र आहे.

त्यावर त्या जे हसल्या, ते मला आजही ऐकू येतं. पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "उपास नाय गो, सुकती हाय." सुकती म्हणजे ओहोटी, हेही मला तेव्हा कळलं. पाणी उतरलं की खडक उघडे पडतात आणि बायका लोखंडी सळई, टोपली घेऊन कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला जातात. समुद्र काही दहा ते बारा सुट्टी देत नाही. प्रत्येक दिवशी पाणी आदल्या दिवसापेक्षा उशिरा उतरतं, त्यामुळे बायकांचा मोकळा वेळही रोज सरकतो, आणि तो घड्याळात नसतो, तिथीत असतो. हे सगळं त्यांनी मला पहिलीतल्या पोरीला सांगावं तसं समजावलं, आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर काढून पेन्सिलीने प्रत्येक तिथीसमोर शाळेची वेळ मांडायला बसल्या. मी घाटावरची, मला शिस्त प्यारी. मी म्हटलं, असं पंचांग बघून शाळा भरवायला ही काय लग्नकार्यं आहेत? "मग काय तर," त्या म्हणाल्या, "मुहूर्त चुकला तर नवरी येनार नाय."

नवऱ्या आल्या. अष्टमीला सकाळी, पौर्णिमेला दुपारी, कधी संध्याकाळच्या दिवेलागणीला. हातांना खाऱ्या पाण्याच्या भेगा, बोटांना कालवांच्या धारेने पडलेले चरे. त्या बोटांना टॅबची काच कधी दाद द्यायची, कधी नाही. मग हेमाबाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन यायच्या, सगळ्यांनी आधी हात चोळायचे, पुसायचे, आणि मग धडा. या सगळ्यांत जयवंती पुढे. तिशीतली, नवरा बोटीवर खलाशी, आठवीत शाळा सुटलेली. पालघरला रुग्णालयात मदतनीस होण्याचा एक अभ्यासक्रम होता, त्याला दहावी पास लागत होती. खडकांवर वाकून वाकून आईचे गुडघे गेलेले तिने पाहिले होते, आणि आपले जायच्या आत तिला तिथून बाहेर पडायचं होतं. सासू, काशीबाई, हिला ते पटत नव्हतं. सून बुकं घेऊन बसली तर टोपली कोण भरील, हा तिचा सरळ प्रश्न होता, आणि तो वेडगळ नव्हता. त्या टोपलीवर घर चालत होतं.

योजनेच्या कार्यालयात मात्र घिवली नापास होत चालली होती. हजेरीचं एक ॲप होतं. सकाळी दहाला वर्गाचा फोटो काढायचा नि बटण दाबायचं. दहानंतर ते बटण दाबलंच जात नसे. बेटेगाव हिरवं दिसायचं, घिवली लाल. बोईसरचे आमचे साहेब भला माणूस, पण त्यांना वरून विचारणा व्हायला लागली. ते मला म्हणाले, "मॅडम, दस बजे दो-चार औरतें बिठाओ, फोटो खींचो, हो गया." मी हा निरोप हेमाबाईंपर्यंत पोचवला, आणि खरं सांगायचं तर मला त्यात फारसं वावगंही दिसत नव्हतं. टॅब राहिले तर बायका शिकतील, एवढा साधा हिशेब. हेमाबाई त्या वेळी माझ्यासाठी चहा गाळत होत्या. गाळणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "शैला, तू खोटं दाबशील, मी पण दाबीन. मग कारखान्याला वाटेल, किनाऱ्यावर दहाची शाळा छान चालते. पुढच्या गावालाही दहाच देतील. तिथं चहा देऊन भांडायला कोण बसलंय?" त्यांनी चहा गाळून झाल्यावर साहेबांना सविस्तर पत्र लिहिलं, तिथीप्रमाणे वेळ का हवी ते मांडलं. उत्तर आलं नाही.

आणि मग एका सकाळी कार्यालयाची गाडी आली. बायका खडकांवर, मी बेटेगावात, आणि खोलीत हेमाबाई एकट्या. टॅब मोजून खोक्यात भरले, सही घेतली, गाडी गेली. परीक्षा तोंडावर आलेली. मी धावत पोचले तर जयवंती उंबऱ्यावर बसलेली, ओली साडी तशीच, आणि काशीबाई तिला म्हणत होती की बरं झालं, एकदाचा सोस सुटला. मी चिडून तोंडाला येईल ते बोलत होते. साहेबांना, कारखान्याला, हेमाबाईंच्या हट्टालाही. त्यांनी मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "झालं? आता सांग, फोनवर आवाज कसा भरतात?"

त्यांच्या वाडीत चिकू पिकत घालायची एक अंधारी खोली होती. भिंतीला गवताच्या पेंढ्या, खाली पेट्या, वर एक झरोका. समुद्राचा वारा तिथे पोचत नसे, म्हणून आम्ही ती निवडली. पिकत्या चिकूच्या त्या गोड उबेत बसून हेमाबाईंनी दहावीची पुस्तकं वाचायला घेतली. नुसती वाचली नाहीत. आधी गावच्या बोलीत समजावायच्या, मग तेच पुस्तकाच्या भाषेत सांगायच्या, कारण पेपर काय घिवलीच्या बोलीत येणार नव्हता. "एक्स म्हंजे झाकलेली टोपली. आत किती हायत ते आपल्याला दिसत नाय, पन वजनावरून काढता येतं." मग घसा खाकरून: "अज्ञात राशीसाठी आपण एक्स हे अक्षर वापरतो." मी फोन धरून बसायची, पायांना मुंग्या यायच्या. झरोक्यावर एक कावळा रोज यायचा आणि नेमका समीकरणात ओरडायचा. पहिल्या दिवशी मी तो भाग पुन्हा भरूया म्हटलं. त्या म्हणाल्या, राहू दे, शाळेत कावळा ओरडत नाही का?

ते धडे बायकांच्या फोनवर गेले. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी गळ्यात, आणि खाली हात चाललेले. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा उतरत्या पाण्यात पसरलेल्या त्या वाकलेल्या पाठी आणि चारी बाजूंनी येणारा हेमाबाईंचा एकच आवाज, कुठे वर्गमूळ, कुठे फ्रान्सची क्रांती... मी तिथेच उभी राहिले. मला तंत्रज्ञानाचं शिक्षण देण्याचा पगार मिळत होता, आणि तंत्रज्ञान कशासाठी असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. संध्याकाळी खोलीत जमून त्या ऐकलेलं वहीत सोडवून बघत. चुकलं की हेमाबाई रागवत नसत, पण "पुन्हा" म्हणत, आणि त्यांचं पुन्हा कधी संपत नसे. मला तर वाटायचं, यांच्याकडे धीराची वेगळी विहीर असावी.

त्या वर्षी काही जणी पास झाल्या. जयवंतीचं गणित राहिलं. पुढच्या वेळी बसली, पुन्हा राहिलं. काशीबाईने गावभर ऐकवलं. दरम्यान आणखी दोन-तीन किनाऱ्यावरच्या गावांनीही दहाच्या वेळेवरून कुरकुर केली, साहेबांना हेमाबाईंचं पत्र आठवलं, आणि ॲपमध्ये वेळेचा रकाना गावावर सोडला गेला. टॅब परत आले. मी पेढे घेऊन गेले तर हेमाबाई म्हणाल्या की पेढे जयवंतीच्या निकालाला आण, मशीन परत आल्याचं कसलं कौतुक. मी हट्टाने एक त्यांच्या तोंडात घातलाच. खाल्ला, आणि साखर जास्त आहे म्हणाल्या.

यंदा जयवंतीची तिसरी खेप होती. आणि पेपर थोड्या दिवसांवर आलेला असताना बाई गेल्या. दिवस झाल्यावर मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने वह्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या होत्या. मी नाही नाही ते समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "पास झाले तरी सांगू कुनाला, मॅडम?" याला उत्तर हेमाबाईंकडेच असतं. मी तिच्या शेजारी बसून राहिले, आम्ही दोघी पुष्कळ रडलो, आणि अंधार पडायच्या आत मी बोईसरला परतले.

गणिताच्या पेपरच्या दिवशी तृतीया होती. म्हणजे ऐन सकाळी सुकती, टोपली भरायचा दिवस. मी पुन्हा एकदा प्रयत्न करून बघावा म्हणून लवकर निघाले. हाताला धरून रिक्षात घालीन, असं ठरवूनच निघाले होते. तिच्या दाराला कडी. म्हटलं, संपलं, गेली खडकांवर. तशीच किनाऱ्यावर उतरले. पाणी लांब गेलं होतं, बायका पसरल्या होत्या, आणि पिशव्यांतून हेमाबाईंचा आवाज येत होता. बीजगणिताचा धडा. मला कळेना, यांच्यातल्या एकीचीही आता परीक्षा नाही. जवळ गेले तर सगळ्यांत पुढे काशीबाई, कंबर धरून सळई मारतेय, आणि गळ्यात सुनेचा फोन. तिच्याजवळ दोन टोपल्या होत्या.

मी जयवंतीचं विचारलं. काशीबाईने मान वर केली नाही. "पहिल्या गाडीनं गेली बोईसरला, पेपराला. मीच लावली. बोलले, निकाल मला येऊन सांग." सळई पुन्हा खडकात घालत म्हणाली, "तिच्या वाट्याची कालवं आमी सगळ्या मिळून काढतोय. म्हटलं, तिच्या वाट्याचा धडा पन ऐकून ठेवू."

निकाल अजून लागायचा आहे. त्या दिवशी मी चपला हातात घेतल्या, साडी खोचली आणि काशीबाईच्या शेजारी वाकले. मला कालव फोडता येत नाही, बोट कापून घेतलं, आणि तिने सळई कशी धरायची ते दाखवलं. पिशवीतून हेमाबाई म्हणत होत्या, हे उदाहरण सुटलं नसेल तर घाबरायचं नाही, पुन्हा करू.