घड्याळजींची दाढ

माझे सासरे घड्याळजी. दुकान खाली, आम्ही वर. पंचेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे त्यांचा तो डोळा कायम जरा बारीक असतो आणि समोरच्याला वाटतं, हे आपल्याला हसतायत. खरं तर हसतातच. एखादं गिऱ्हाईक "सेल गेलाय, तेवढा बदला" म्हणालं की ते गोड आवाजात विचारतात, "मग तुम्हीच आत येऊन बसता का? मी बाहेर उभा राहतो."

असा माणूस शनिवारी दुपारी गाल धरून वर आला. तोंड एवढंसं झालेलं. डावीकडची खालची दाढ ठणकत होती. आता त्यांच्या तोंडात चावण्याजोगी जोडी एकच उरली आहे, डावीकडची, एक वरची आणि एक खालची. रोज चार वाजता मूठभर भाजलेले दाणे ते त्या जोडीवर सावकाश खातात आणि तेवढा वेळ जगाला विसरतात. डॉक्टर ती दाढ उपटणार, एवढी एकच धास्ती त्यांनी घेतली होती. मी फोन केला तर सोमवारी सकाळी दहाची वेळ मिळाली.

मग मी कामाला लागले. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. गालावर बाहेरून गार पाण्याची घडी. दुखण्यावरची गोळी, पाकिटावर लिहिलंय तितकीच. समोरची बेकरीवाली काकू डोकावून म्हणाली, "अगं, गोळी कुटून दाढेतच भर की!" मी तिला हातच जोडले. त्यानं हिरडी भाजून निघते. गोळी पाण्याबरोबर पोटात जायची असते, पण काकूला सांगणार कोण?

लवंगेच्या तेलावर मात्र बाबा अडून बसले. माझा कापसाचा बोळा त्यांना नको होता. घड्याळात तेल सोडायची बारीक सळई ते खालून घेऊन आले. मी ती उकळत्या पाण्यातून काढली, आरसा धरला आणि त्यांनी खालच्या दाढेवर टिपूसभर तेल सोडलं. "जास्त झालं की यंत्र बिघडतं," असं वर मलाच शिकवत.

रविवारी ठणका उतरला. स्वारी एकदम खुशीत. "उद्याचं रद्द कर. दाढ सुरू झाली."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, बंद पडून आपोआप चालू झालेलं घड्याळ तुम्ही तसंच परत देता का गिऱ्हाइकाला?"

ते बराच वेळ भिंग पुसत बसले. सोमवारी पावणेदहाला मात्र चपला घालून दारात उभे.

डॉक्टर माझ्याहून लहान होती. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बाबा सुरू झाले, "खालची दाढ आहे. वरची ठणठणीत आहे. खालचीचं काय ते बघा, पण काढू नका."

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एका लहानशा दांडीनं खालच्या दाढेवर टकटक केलं. काही नाही. मग वरच्या दाढेवर केलं. बाबा वीतभर उडाले.

"दुखणं वरचीचं आहे, आजोबा. कळ कधी कधी खाली उतरते. खालचीला काही झालेलं नाही."

"अहो, मी दोन दिवस तिलाच तेल घालतोय!"

मला हसू फुटलं, डॉक्टरलाही. बाबा हसले नाहीत. वरची गेली तर खालची चावणार कशावर? ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि माझंही हसू विरलं. मला त्यांची फार माया आली. एक्स-रे हाती येईपर्यंत ते डॉक्टरकडे नाही, माझ्याकडेच बघत होते.

"कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचलीय," ती म्हणाली. "गुळण्या केल्यात, गोळी घेतलीत, चांगलं केलंत. त्यानं दोन दिवस निभावले, पण आतलं दुखणं तसंच राहिलं. मुळं घट्ट आहेत. रूट कॅनॉल करू, तीन वेळा यावं लागेल. दाढ राहील."

"नक्की राहील?"

"राहील."

पंचेचाळीस वर्षं कुणाचं काही एक न ऐकलेल्या त्या माणसानं मान मागे टाकली. "मग तुम्हाला योग्य दिसेल ते करा," म्हणाले आणि मोठा आ केला. एक हात तेवढा खुर्चीवरून माझ्या बाजूला आला, चाचपडत. मी तो घट्ट धरला.