तीन ते पाचचा पहारा

देवाचं बोलावणं येतं तेव्हा माणूस निदान शुद्धीवर असावा. मला आलं तेव्हा माझ्या तोंडात चार लवंगा होत्या, आणि त्या कशाचा वास झाकायला होत्या हे चारचौघांत सांगायला मला दोन वर्षं लागली. आता पन्नाशी उलटली, लाज थोडी पातळ झाली, म्हणून लिहिते.

कडावला आमचं घर. मुलगी लग्न होऊन गेलेली, हे खोपोलीच्या कारखान्यात, आणि घरी मी व अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. अंघोळ, औषधं, भरवणं आटोपून दुपारी तीनला त्या झोपल्या की घर एकदम गप्प व्हायचं. त्या गप्प घरात मी आधी शेवेचा डबा गाठला. उभ्याउभ्याच खायची, ताट घेतलं नाही म्हणजे खाल्लं नाही, अशी माझी समजूत. पुढे शनिवार-रविवार पळसदरीच्या एका फार्महाऊसवर जेवण करून देऊ लागले. पाहुणे अर्ध्यामुर्ध्या बाटल्या टाकून जायचे. आमच्याकडे शिळ्या भातालाही फोडणी पडते, काही वाया जात नाही. मी बाटल्याही वाया जाऊ दिल्या नाहीत. उरलेलं कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ती फडताळात सर्वांत वर ठेवली. सुरुवातीला झाकणभर, मग पेलाभर. पूजा कधी चुकली नाही हो. एकादशीलासुद्धा घ्यायची, उपासाला पातळ पदार्थ चालतो, असं मी विठ्ठलाला समजावून सांगितलं होतं.

एका दुपारी मी अशी झोपले की पाच वाजून गेल्याचं कळलं नाही. पाणी घ्यायला धडपडून सासूबाई खाटेवरून खाली पडल्या होत्या. कपाळावर टेंगूळ. ह्यांना मी सांगितलं, खाटेचा पाय घसरला. सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

त्यानंतर आठवड्याभरात गावचा सप्ताह बसला. सातही दिवस वीणा खाली ठेवायची नसते. कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असतं, आणि पहारा बदलला की दुसऱ्याच्या गळ्यात देतं. पुरुष कामावर, म्हणून दुपारचे पहारे आमच्याकडे बायकांचे. तिसऱ्या दिवशी मी पहारेकरणींसाठी चहा घेऊन गेले, तर तीनची बाई आलीच नव्हती. वीणा धरून कुंभिवलीहून पाहुणी आलेली एक म्हातारी उभी होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"ये गं, धर," ती म्हणाली.

"नको आजी. मला जमायचं नाही."

"हात हायत ना?"

मी जवळ गेले आणि तिला वास आला असावा. तिने ना नाक मुरडलं, ना आवाज चढवला. हळूच म्हणाली, "लवंगेनं नाय झाकत बाय. मी वेलची बी खाऊन बघितली. सात वरसं."

मी ट्रे खाली ठेवला आणि तोंडावर पदर धरला.

"आज र्‍हाऊ दे. आजचा तुजा पहारा मी उबी र्‍हाते. उद्या तीनला रिकाम्या तोंडानं ये. उद्याचंच सांगते गं, जल्माचं नाय."

दोन तास आधीच उभी असलेली ती म्हातारी माझ्यासाठी आणखी दोन तास उभी राहिली. त्या संध्याकाळी मी ह्यांना खाटेच्या पायाचं खरं सांगितलं. ह्यांनी आधी उठून खाटेचा पाय हलवून पाहिला. मग म्हणाले, "उद्या सुट्टी टाकतो. आईजवळ मी बसेन, तू जा."

दुसऱ्या दिवशी वीणा गळ्यात पडली. एका हाताने ती धरायची, दुसऱ्याने तार छेडायची, म्हणजे तोंडापर्यंत जायला हातच शिल्लक नाही. हात थरथरत होते, घाम येत होता, आणि सूर असा निघत होता की पांडुरंगानेच कानांवर हात ठेवले असतील. पण तीनचे पाच झाले. म्हातारी तेव्हा दिसली नाही. त्याच सकाळी निघून गेली म्हणे. कुणाकडे आली होती, हे गावात कुणालाच नीट सांगता आलं नाही. मी फार खोलात शिरले नाही.

पुढे कर्जतच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, औषध घेतलं, मध्ये एकदा घसरलेही. त्यांनी विचारलं, "तीन वाजता नक्की काय होतं तुम्हाला?" तेव्हा कळलं, भूक नव्हती, तहान नव्हती; दिवसभरात मला कुणी 'दमलीस का' विचारलेलं नसायचं, एवढंच. आता तीनला शेजारची सून तासभर सासूबाईंजवळ बसते आणि मी देवळात जाऊन बसते.

यंदाच्या सप्ताहात तीन ते पाचचा पहारा माझ्या नावाने फळ्यावर लिहिला होता. मी तो फळा चारदा वाचून आले. चष्म्याचा नंबर तपासत होते म्हणा. पहारा निम्मा झाला असेल, तर हे सासूबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून मांडवात घेऊन आले. वीणेकऱ्याच्या पाया पडायची रीत आहे, वय बघत नाहीत. सासूबाई वाकल्या. बारा वर्षं मी ज्यांचे पाय चेपले, त्यांनी चांगला हात माझ्या पावलांवर ठेवला. अडवायला माझे हात मोकळे नव्हते. शरण जाणं म्हणजे काय, ते मला तेवढंच कळलं आहे.

खुर्ची वळवताना त्या अडखळत, पण बाजूच्या चौघींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माजी सून हाय." मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "आता सरबताच्या बाटलीत सरबत असतं गं."

सगळं ठाऊक होतं त्यांना. मी तार छेडत राहिले. पाच वाजायला अजून तासभर होता.