पाडण्याआधी फोडलेला नारळ

बिल्डरने एका वास्तुविशारदाच्या मुलीला फसवले. तिच्या मालकीची वाचनालयाची जुनी इमारत जतन करतो असे लिहून देऊन ताबा घेतला आणि ती जमीनदोस्त केली. तपास माझ्याकडे होता. निवृत्त होऊनही ते प्रकरण डोक्यातून जात नाही.

तिच्या वडिलांनी सोलापुरात काळ्या दगडाच्या मोजक्याच इमारती बांधल्या. त्यातले हे वाचनालय तेवढे उरले होते. वारसा यादीसाठी या मुलीचा, म्हणजे बाईंचा, अर्ज पडून होता. तेवढ्यात बातमी आली, कमानीचा खांब आपोआप ढासळला. महापालिकेच्या अभियंत्याने त्याच दिवशी 'धोकादायक' म्हणून नोटीस चिकटवली.

समोरच्या चहावाल्याने ठाण्यात फोन केला. "साहेब, पडला न्हाय, पाडलाय. या की हिकडं."

पंचनामा करताना खांबाच्या तळच्या दगडावर विभूतीचे तीन ताजे पट्टे दिसले. शेजारी नारळाची करवंटी. आपोआप पडणाऱ्या खांबाची पूजा कोण करतो? पूजा करतो तो कामाला हात घालणारा गवंडी. जुन्या दगडकामाचे गवंडी आता थोडेच. तिसऱ्या दिवशी अक्कलकोटकडचा एक म्हातारा माझ्यासमोर बसला होता.

"म्या तिकडं गेलोच न्हाय."

मी टेबलावर हात आपटला. त्याने तोंड फिरवले. शिपायापासून वर आलोय, कुठे ताणायचे आणि कुठे सोडायचे ते कळते. चहा मागवला आणि करवंटी पुढे ठेवली.

"अप्पा, नारळ न फोडता कामाला हात लावता का?"

"कसा लावंल? पाप लागतंय की!" बोलून गेला आणि थबकला. मग डोळे पुसत म्हणाला, "माज्या बानं रचलाय त्यो खांब. बिल्डर शेठ म्हनले, दुरुस्ती हाय. खालचा एक दगुड काढ, टेकू आत्ता येतोय. टेकू आलाच न्हाय, साहेब."

जबाब नोंदवला. इमारतीला हात लावू नये, असे पत्र अभियंत्याच्या हातात स्वतः दिले, पोच घेतली. पुढच्याच आठवड्यात त्या नोटिशीच्या जोरावर जेसीबी फिरला. बिल्डर जामिनावर सुटला. बाई ठाण्यात आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, निदान दगड तरी मिळतील का?"

या प्रकरणाने मला एक शिकवले. पापाची भीती हातात छिन्नी असलेल्याला असते, सही करणाऱ्याला नसते.

पोच अजून माझ्या कपाटात आहे. माझे पत्र हातात असताना जेसीबी कोणाच्या हुकमाने आला, याचे उत्तर त्या अभियंत्याने द्यावे. तोंडी नको, लेखी द्यावे.