धुरकरी कुठे बसतो

आमची लेक धुळ्याला कॉलेजात शिकवते. शनिवार-रविवारला ती आली आणि म्हणाली, चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला धरण काठोकाठ भरलंय. डोंगर चढू, नाव वल्हवू, दोन दिवस तिथंच राहू. मी म्हटलं, जन्मभर केळीला पाणी दिलं, आता पाणी बघायला कुठं जायचं? पण तोवर बायकोने कळण्याच्या भाकरी बांधायला घेतल्या होत्या. एरवी घराबाहेर पडायला दहा सबबी सांगणारी बाई एका शब्दात तयार झाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या पाण्यापलीकडे तिच्या माहेरची गावदेवी आहे. गाव धरणात गेलं, माणसं खाली उतरली, देवीचा दगड मात्र पलीकडच्या टेकाडावर नेऊन ठेवला. लग्नानंतर आठ वर्षं आम्हाला मूल नव्हतं. तेव्हा ती नवस बोलली होती, लेकरू झालं तर त्याला घेऊन येईन, ओटी भरीन. लेक झाली. मग दर वर्षी मी म्हणायचो, पुढल्या वर्षी. कधी केळीची कापणी, कधी बैल आजारी, कधी नुसताच माझा हट्ट. लेकीचे केस पांढरे व्हायला लागले तरी नवस तसाच राहिला. या खेपेला बायकोने पिशवीत खण-नारळ ठेवलेला मी बघितला, आणि बघितलाच नाही असं केलं.

शनिवारी डोंगरवाटेने देवीला जायचं मायलेकींनी ठरवलं. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, ओढ्याच्या उजव्या अंगाने जा. मी चौथी शिकलेला माणूस, पण डोंगर मला कुणी शिकवायचा नाही. मी डाव्या अंगाने नेलं. सागाच्या पाचोळ्यात वाट हळूहळू विरून गेली. दुपारी आम्ही एका कड्यावर उभे. खाली पाणी, पलीकडे ते टेकाड, आणि उतरायला जागा नाही. बायकोचा गुडघा सुजला होता. ती दगडावर बसली, भाकरी मोडली आणि ठेच्याचा मोठा वाटा मला दिला. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. उतरताना लेक म्हणाली, "आबा, उद्या दुपारनंतर मला धुळ्याला निघावं लागेल." म्हणजे जे व्हायचं ते उद्या सकाळीच.

सुजलेल्या गुडघ्याने आता पाण्याचाच रस्ता उरला होता. रविवारी काठावर गेलो. नावा अरुंद, दोन माणसांच्या. नाववाल्याने बुडू नये म्हणून आम्हाला फुगीर बंड्या चढवल्या, हातात वल्ही दिली आणि समजावलं की नाव वळवणारा माणूस मागे बसतो. मी त्याला म्हटलं, बाबा, बैलगाडी हाकणारा धुरकरी पुढे बसतो. मागे बायका, पोरं आणि पोती. साठ वर्षं मी कासरा धरला, मी मागे बसणार नाही. मी पुढे जाऊन बसलो. लेकीने आईला हात देऊन मागे बसवलं आणि स्वतः दुसऱ्या लहान नावेत बसली.

मी उजवीकडून जोर लावला की नाव डावीकडे वळे, डावीकडून लावला की उजवीकडे. तीनदा आम्ही गरगर फिरून त्याच काठाला लागलो. नाववाला दोर बांधण्यात गुंतल्यासारखं करत होता. मी सांगून टाकलं की ही नावच वाकडी आहे.

चौथ्या खेपेला काठापासून जरा आत गेलो, तेव्हा मागून बायको शांतपणे म्हणाली, "नांगर मांगून धरतस ना? पुढे बैलच ऱ्हातस."

लेक तिच्या नावेत पोट धरून हसली. मी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. जागा बदलायला उठावं तर नाव उलटणार. उन्हं वर येत होती. नाव तशीच उभी, आणि मागून "चला" असा एक शब्द येईना. मग माझ्या लक्षात आलं की ही आता म्हणणार नाही. इतकी वर्षं म्हणून झालंय तिचं. मी नाही हललो तर ती खण-नारळ तसाच घरी नेईल, आणि आमच्या वयात पुढलं वर्ष कुणी पाहिलंय?

मी वल्हं उचललं. "मग हाक," मी म्हटलं.

तिने नांगराचं रुमणं धरावं तसं वल्हं पाण्यात तिरपं दाबून धरलं, आणि नावेचं तोंड टेकाडाकडे सरळ झालं. मी मान खाली घालून ओढत राहिलो. ती सांगेल त्या अंगाने, ती सांगेल तेवढंच. मी कुणाचं इतकं ऐकलेलं मला आठवत नाही.

पलीकडे मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि तिला खांदा दिला. टेकाड थोडंसंच होतं, पण आम्ही चारदा थांबलो. शेंदूर फासलेला तो दगड बघून तिने आधी पदराने त्याच्यावरची पानं झाडली. मग लेकीला शेजारी बसवून देवीची ओटी भरली. अर्ध्या पिकल्या केसांची लेक आईला टेकून लहान पोरीसारखी बसली होती.

मला देवाशी बोलायची सवय नाही. तरी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "आई, उशीर झाला तो हिच्यामुळे नाही. माझ्यामुळे झाला."

बायकोने नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"तिले माहीत शे," ती म्हणाली. "मी दरसाल सांगस तिले."